उसना होकार

जरा जवळ सरकून बसा, मला हे मोठ्यानं सांगता येत नाही. आणि मधे बोलू नका. या गोष्टीत मला भीती वाटली ती नंतर, आधी राग आला होता. सांगताना तो क्रम मला मोडायचा नाही.

त्या दुपारी हेडफोनच्या फाटलेल्या गाद्या बदलून आणायला मी बाहेर पडले होते. परत आले तर मालक माझ्याच खुर्चीत बसलेले. आमचा स्टुडिओ म्हणजे कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानाखालचं तळघर. वर वाफेचे सुस्कारे दिवसभर चालू असतात, म्हणून खाली भिंतींना जाड स्पंज लावलाय आणि दार दुहेरी आहे. आतलं दार लावलं की जग संपतं आणि आपल्याच कानातली धडधड ऐकू येऊ लागते. त्या खोलीत पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित होतात, लोकांनी डोळे मिटून ऐकावीत म्हणून. वाचायची माझी मोठी बहीण, आमची ताई. तिच्या चुका कापून वाक्यं सांधायची मी.

आमचं सगळं चालायचं ते एकाच गोष्टीवर. इंग्रजांचा म्हातारा राजा वेडा झाला होता आणि त्याचा मुलगा राज्य बघत होता, त्या काळातली प्रेमकथा. बग्ग्या, हातमोजे, नाचाचे दिवाणखाने, एक शिष्ट श्रीमंत तरुण आणि जिभेला धार असलेली एक मुलगी. मूळ गोष्ट ताईनं वाचली आणि लोकांना वेड लागलं. मग मालकांनी तिची नवी नवी रूपं लिहून घ्यायचा सपाटाच लावला. एकात नायक सर्जन, एकात जहाजाचा कप्तान, एकात तर चक्क बेकरीवाला. ताई हसायची. म्हणायची, पोरीचा कणा ताठ ठेवलाय ना, मग त्यानं खुशाल पाव भाजावेत.

कारण सगळ्या रूपांत एक गोष्ट कायम होती. तो पहिली मागणी घालतो ती उपकार केल्यासारखी, तिच्या घरच्यांचा पाणउतारा करत, आणि ती त्याला स्वच्छ नाही म्हणते. मग त्याचा तोरा उतरतो, तो माणसात येतो, आणि अगदी शेवटी तिचा होकार मिळतो. तो होकार त्यानं कमावलेला असतो, म्हणून तर गोड लागतो.

नव्या पुस्तकात मालकांनी नकारच उडवला. म्हणे लोक दिवसभर बाहेर नकार ऐकून दमतात, तो कानावर पडला की गोष्ट बंद करतात. म्हणून त्यांनी ती अपमानाची मागणीच उचलून शेवटच्या पानावर नेली. तो तिच्या आईला, बहिणींना नावं ठेवतो, वर म्हणतो की तरीही मी तुला पत्करतो. आणि ही म्हणते, "हो." संपलं पुस्तक. ताईनं सगळं वाचलं. त्या शेवटच्या शब्दाशी आली, श्वास घेतला आणि पान खाली ठेवलं. "हे माझ्या तोंडून निघायचं नाही," म्हणाली आणि चप्पल घालून घरी गेली.

ते तिला जमणारच नव्हतं. तरुणपणी आमच्या घरी एक गृहस्थ तिला मागणी घालायला आले होते. वडिलांच्या विटलेल्या कोटाकडे बघून म्हणाले, माणसं साधी आहेत, पण मी चालवून घेईन. ताईनं त्यांच्या पुढ्यातला भरलेला कप उचलला आणि आत नेऊन ओतून टाकला. तेवढाच तिचा नकार. त्यावरून नातेवाइकांनी तिला जन्मभर टोमणे मारले. ती एकटी राहिली आणि मजेत राहिली. हे लोकांना पटत नाही, त्याला मी काय करू.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताई हृदयविकारानं गेली. मालक भेटायला आले, रुमालानं डोळे टिपले, आणि निघताना दारात हळूच विचारलं, तो एक शब्द राहिलाय त्याचं काय करायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि आता ते माझ्या खुर्चीत बसून तेच सांगत होते. ताईच्या जुन्या पुस्तकांतून एक "हो" कापायचा आणि इथे चिकटवायचा. नाहीतर तिची सगळी ध्वनिमुद्रणं यंत्राला शिकवणार, मग तिच्या आवाजात काय वाटेल ते वदवून घेता येईल. एक शब्द द्या, नाहीतर अख्खा आवाज जाईल, असा सौदा. मेलेल्या माणसाच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. मी खुर्चीत बसले. निदान हात माझा असेल, असं वाटलं. कापताना तिला दुखणार नाही, असलं काहीतरी वेड्यासारखं.

कोणता होकार घ्यायचा तेही मालकांनीच ठरवलं. मूळ गोष्टीतला, शेवटचा. "तो फार गोड आहे," म्हणाले. दात खाऊन मी तो कापला, नव्या पुस्तकात जोडला आणि वाजवला.

त्या शिष्टाचं बोलणं संपलं. ताईनं नाकानं छोटा श्वास घेतला, बोलण्याआधी घ्यायची तसा. आणि पुढे काहीच नाही.

माझ्याच हातून काही चुकलं असेल म्हणून मूळ पुस्तकाचं ध्वनिमुद्रण उघडलं. तिथेही तेच. तो विचारतो, मग शब्दाएवढी रिकामी जागा, मग पुढचं वाक्य. मी तर फक्त नक्कल घेतली होती, मूळ जागेला हात लावला नव्हता. कपाटात जपून ठेवलेली दुसरी प्रत काढली. तिथेही भोक पडलेलं.

"सर्जनवाला घ्या," मालक म्हणाले.

सर्जनवाला घेतला. तोही दोन्हीकडून गेला. कप्तानाचा गेला, बेकरीवाल्याचा गेला. जो होकार उचलावा तो आधी इथून नाहीसा, मग त्याच्या घरातून नाहीसा. खोलीत हिरव्या सफरचंदाचा वास येऊ लागला. वाचताना तोंड कोरडं पडून जिभेचा टकटक आवाज येऊ नये म्हणून ताई वाचायच्या खोलीत, माझ्यासमोरच्या काचेच्या पलीकडे बसून हिरवी सफरचंदं खायची. काचेपलीकडे अंधार होता. सफरचंद तिथे कोणी आणलं नव्हतं.

मालकांचा आवाज आपोआप खाली आला. "अजून... आहेत का?"

"नाही. सगळे संपले."

"घरी काही असेल ना... तुमच्या फोनमध्ये..."

"त्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात स्पीकरमधून तो श्वास आला. नाकानं, छोटा. काहीही वाजत नव्हतं, पडद्यावरची रेघ सपाट होती. पुन्हा आला... या वेळी काचेच्या बाजूनं. मालक उठले ते दोन्ही दारं उघडी टाकून जिना चढून गेले. मी मात्र बसून राहिले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बाईनं एकटीनं सगळा माल परत घेतला होता.

मालक पुढे यंत्राकडे गेलेच. मी माझ्या बाजूनं सौदा पाळला होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं. यंत्र ताईच्या आवाजात सगळं बोलायला शिकलं. त्या एका जागी येतं, श्वास घेतं आणि गप्प बसतं. ऐकणाऱ्यांच्या तक्रारी येतात की गोष्ट अर्धवट आहे. येऊ देत.

आता तुम्हाला वाटेल, झालं. मलाही वाटलं.

ताई दवाखान्यात होती तेव्हा मी तिला फोनवर लिहून विचारलं होतं, "ताई, मी येऊ का तुझ्याकडे?" तिनं बोलून निरोप पाठवला होता. एकच शब्द, "हो." मी पोचेपर्यंत ती गेली होती. तो निरोप मी कधी पुसला नाही. मालक पळाले त्याच संध्याकाळी घरी आल्यावर मी तो लावला. हाही गेला असेल तर...

गेला नव्हता. ताई थकलेल्या आवाजात म्हणाली, "हो." मला रडू फुटलं. पण निरोप थांबला नाही. "हो," मूळ गोष्टीतला, तो गोड. मग सर्जनवाला. मग कप्तानवाला, मग बेकरीवाला. मी माझ्या हातानं कापलेले, एकेक ओळखीचे, एकामागून एक... आणि वर माझा प्रश्न तसाच लिहिलेला.

मी फोन बदलला. निरोप नव्या फोनमध्येही आला. आता सगळे होकार संपले की ताई श्वास घेते आणि विचारते, "मग येतेस ना?" हे वाक्य तिनं कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही, मी सगळी पुन्हा तपासली.

त्यानंतर अजून एक "हो" ऐकू येतो. तो माझ्या आवाजात आहे. मी तो कधीही म्हटलेला नाही.