उत्तरार्धातली मुलगी

केतकीला ऑगस्टातल्या त्या दुपारी अख्ख्या भोपाळमध्ये फक्त एकाच मुलाचा राग आला होता. आणि नेमका तोच मुलगा मध्यंतरात मंडळाच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी, एका पायात बूट घालून लंगडी घालत उभा होता.

"ऐक ना, डाव्या पायाचा बूट दिसला का कुठे? निळ्या नाडीचा."

"नाही दिसला," केतकी म्हणाली. "आणि दिसला असता तरी सांगितलं नसतं."

तो लंगडी घालायचा थांबला. "मी काय केलं बाप्पा?"

काय केलं, म्हणे! केतकीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

टी. टी. नगरातल्या त्यांच्या मराठी मंडळात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी साडेतीनला सिनेमा असायचा. पडदा म्हणजे दोन चादरी जोडून केलेला, आणि सिनेमे केशवकाकांच्या हार्ड डिस्कमधले. इतके जुने, की नेटवर शोधून सापडत नाहीत. सिनेमा सुरू होण्याआधी पुढच्या महिन्याची निवड व्हायची. ज्याला शिफारस करायची त्यानं उभं राहून तीन मिनिटं बोलायचं, मग हात वर. सिनेमांची खरी नावं कुणाच्या लक्षात राहात नसत. 'तो मास्तरांचा', 'तो दोन बैलांचा', असंच चालायचं.

केतकीचा होता 'घड्याळवाल्या बाईंचा'. वडिलांच्या बदलीमुळे पुण्याहून इथे आल्यावर पहिली दोन वर्षं ती वर्गात तोंड उघडत नव्हती. तिचं हिंदी ऐकून मुली हसायच्या. या वर्षी बारावीत कसं कोण जाणे, वाद-विवादात तिला पहिलं बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून तिला वाटू लागलं होतं की आपण बोललो की लोक ऐकतात. केशवकाकांच्या घरी तो सिनेमा तिनं तीनदा पाहिला होता. तो सगळ्यांनी, अख्ख्या हॉलनं, एकत्र बसून बघावा... एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिनं आज पाठ करून, आरशासमोर उभं राहून, हातवारे ठरवून भाषण केलं होतं.

मिळालेले हात — नऊ. त्यात आईचा एक.

मग उठला हा. प्रतीक. सरकारी कचेरी भोपाळला हलली तेव्हा याचे आजोबा तिच्याबरोबर नागपूरहून आलेले, त्यामुळे हॉलमधल्या निम्म्या काकवा याला लहानपणापासून ओळखत. हा हसत, खांदे उडवत, मधेच हिंदीत घुसत बोलला, आणि याच्या दोन बैलांना एक्केचाळीस हात. वर हा शहाणा म्हणाला होता, "घड्याळवाल्या बाई चांगल्याच आहेत हो, पर थोड़ी नींद आती है."

"झोप येते म्हणालास तू," केतकी आता म्हणाली. "माझ्या सिनेमाला."

"थोडी म्हणालो."

"सापडू नये तुला तो बूट."

"मग मी एका बुटात कोचिंगची टेस्ट देईन. पाच वाजता आहे, एम. पी. नगरला. निम्मे मार्क तुझ्या नावावर." एवढं बोलून त्यानं खिडकीच्या कट्ट्यावरून आपला बूट उचलला, पायात सरकवला आणि पळाला.

खिडकीच्या कट्ट्यावर? बूट तिथे कोण ठेवतं? पण केतकी इतकी संतापली होती, की हा प्रश्न तिला पडलाच नाही.

सप्टेंबरात पुन्हा तेच. यावेळी प्रतीकनं 'मास्तरांचा' सुचवला, आणि उत्तरार्धाचं असं काही वर्णन केलं की हॉलमध्ये पंखेसुद्धा हळू फिरायला लागले. "मास्तर गाव सोडून जातात, इथपर्यंत साधं आहे. पण नंतर येते एक मुलगी. जाम भांडखोर. केसांत पेन्सिल खोचलेली. बोलताना दोन्ही हात असे... आणि मास्तरांना ती एकटी गावात परत आणते. तिच्यासाठी बघा, बस."

चार इमली भागात राहणाऱ्या अलकाकाकू, ज्या सिनेमापेक्षा साबुदाणावड्यासाठी येत, त्यांनीसुद्धा हात वर केला. केतकी हरली. मध्यंतरात ती दारात पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. योगायोगानंच. आणि प्रतीक बूट शोधत होता. या वेळी त्याला तो खूप शोधावा लागला, कारण तो बाकाखाली, पार मागे गेला होता.

"उशीर होतो म्हणतोस आणि दहा मिनिटं बूट शोधतोस," केतकी केसांतली पेन्सिल काढून परत खोचत म्हणाली. "नीट ठेवता येत नाही?"

"ठेवतो गं नीट," तो बाकाकडे बघत, जरा गोंधळून म्हणाला. "मी तर..."

ऑक्टोबरात मास्तर पडद्यावर आले, गाव सोडून गेले, मध्यंतर झालं, प्रतीक टेस्टला गेला. उत्तरार्धात मास्तर परगावच्या धर्मशाळेत आजारी पडले आणि वारले. मुलगी आलीच नाही. पेन्सिल नाही, भांडण नाही, काही नाही. दिवे लागले तरी अलकाकाकू पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

"अगं, ती मुलगी कुठाय?"

"नाहीचे, काकू."

"असं कसं? मी तिच्यासाठी रुमाल कोरडा ठेवला होता."

केतकीनं महिनाभर तो राग सांभाळून ठेवला. खोटारडा. सिनेमाबद्दल खोटं बोलणारा माणूस कशाबद्दलही खोटं बोलेल, असं तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मग त्याच पानावर, का कोण जाणे, निळ्या नाडीचा एक बूट काढला आणि खोडून टाकला.

नोव्हेंबरच्या रविवारी ती उभी राहिली. या वेळी भाषण पाठ केलं नव्हतं.

"घड्याळवाल्या बाईंबद्दल मी नंतर बोलेन. आधी मला याला विचारायचंय. शिफारस म्हणजे काय असते रे? आपण जे बघितलं ते दुसऱ्यानं बघावं म्हणून सांगायचं. या सगळ्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवून रविवार दिला. अलकाकाकू त्या मुलीची वाट बघत बसल्या. कुठून आणलीस ती?"

 प्रतीक उठला. या वेळी खांदे उडवले नाहीत.

"मी उत्तरार्ध बघितलेलाच नाही," तो म्हणाला. "कुठलाच. सच्ची. दोन वर्षं झाली. रविवारी मध्यंतरात टेस्टला जावं लागतं. घरी बाबांनी साधा बटणांचा फोन दिलाय. शनिवारी केशवकाकांकडे बसायला एक तास मिळतो, त्यात अर्धाच सिनेमा होतो. पुढचा अर्धा मी बसमध्ये करतो. स्वतःच." तो थांबला. "तो खोटा असतो हे सांगायला हवं होतं. चुकलं. घड्याळवाल्या बाईंची पण मी सुरुवातच बघितलीय, म्हणून झोप येते म्हणालो. माझा हात केतकीला."

आणि त्यानं सगळ्यांच्या आधी हात वर केला. मागोमाग हात... किती, ते कुणी मोजलंच नाही. केशवकाकांनी नुसतं बघितलं आणि फळ्यावर लिहून टाकलं.

जिंकल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. केतकीला मात्र नवाच राग आला होता. दोन वर्षं? एकही शेवट नाही? हे काय जगणं झालं?

डिसेंबरात हॉलमध्ये शाली, स्वेटर आणि शेंगदाण्यांचा वास होता. पडद्यावर घड्याळवाल्या बाई वडिलांच्या दुकानात बसून गावाची घड्याळं दुरुस्त करत होत्या. दर बुधवारी स्टेशनमास्तर आपलं खिशातलं घड्याळ घेऊन यायचे. "पुन्हा मागे पडलं." बाई काही न बोलता ते ठेवून घ्यायच्या. पूर्वार्धात एवढंच. पण कुणी झोपलं नाही. केतकी पडद्याकडे कमी आणि लोकांच्या तोंडांकडे जास्त बघत होती, आणि तिसऱ्या रांगेतल्या एका तोंडाकडे सगळ्यात जास्त. बाईंनी घड्याळ कानाशी धरलं, तेव्हा ते तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

मध्यंतर झालं. तिसऱ्या रांगेतून तो उठला.

केतकी दारात पोचली तेव्हा तो उजव्या बुटाची नाडी बांधत होता.

"निघालास?"

"टेस्ट आहे."

"माझा सिनेमा अर्धा टाकून? सगळं पुढेच आहे त्यात. आता बसमध्ये बसून तू माझ्या बाईंचं काय करशील कुणास ठाऊक. तलवार देशील हातात. नाहीतर घोड्यावर बसवशील." तिचे दोन्ही हात हवेत होते, पेन्सिल केसांतून अर्धी निसटली होती. "मी चालू देणार नाही हे, सांगून ठेवते."

मागून कुणीतरी हुंकार दिला. अलकाकाकू वडा हातात धरून, तोंड अर्धं भरलेलं, दोघांकडे बघत होत्या.

"अगं बाई," त्या सावकाश म्हणाल्या. "आली की ही. ती मुलगी."

केतकीचे हात हवेतच राहिले. प्रतीक डाव्या बुटाचा शोध एकदम फार मन लावून घेऊ लागला. त्याचे कान मात्र लाल झाले होते... थंडी होती म्हणावं, तर एवढी नव्हती.

"काकू," केतकी जरा वेळानं म्हणाली, आणि आवाज अजून रागाचाच निघाला, याचं तिला बरं वाटलं. "आईला सांगा, मी बोर्ड ऑफिसपर्यंत, याच्या क्लासच्या स्टॉपपर्यंत जाऊन येते. सहाच्या आत परत. याला उत्तरार्ध सांगते आणि येते."

"अगं पण सिनेमा तुझा, चार महिने भांडलीस त्यासाठी."

"मला पाठ आहे."

लाल बस अर्धी रिकामी होती. रोशनपुऱ्याच्या उतारावर तिनं सुरुवात केली. बाईंचा भाऊ दुकान विकायला येतो. स्टेशनमास्तरांची बदली होते. हात, भुवया, बाईंचा आवाज, भावाचा आवाज — पुढच्या सीटवरचे एक आजोबा वळून बसले. प्रतीक एकदाही मधे बोलला नाही. खिडकीतून येणारं ऊन त्याच्या निळ्या नाडीवर पडलं होतं.

"बोर्ड ऑफिस, बोर्ड ऑफिस, चलो उतरो," कंडक्टर ओरडला.

दोघं उतरले. पाचला सात मिनिटं कमी.

"शेवट राहिला," केतकी म्हणाली. "लवकर सांगते. शेवटच्या बुधवारी स्टेशनमास्तर..."

"थांब. मी सांगतो. घड्याळ कधी बिघडलंच नव्हतं. तो स्वतःच काटे मागे करून आणायचा. तिला भेटायला."

केतकीचा चेहरा पडला. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही." त्यानं खाली, आपल्या पायांकडे बघितलं. "माझा बूट पण कधी हरवला नव्हता. ऑगस्टपासून. आत यायच्या आधी मीच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचो. म्हटलं, तू दारात येशील... भांडशील."

रस्त्यावरच्या गाड्या, भजीवाल्याची कढई, कोचिंगकडे पळणारी पोरं, सगळं केतकीला एकदम लांबून ऐकू यायला लागलं. तिनं राग शोधून पाहिला. थोडासा होता.

"अर्धाच शेवट आहे हा," ती म्हणाली. "पुढे ऐक. बाई म्हणतात, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चालणारं घड्याळ मला कळत नाही होय? म्हणून मग दर वेळी परत देताना मीच आतला एक स्क्रू सैल करून द्यायचे. तुम्ही पुन्हा यावं म्हणून."



"केतकी," मग तो म्हणाला, "मी बूट कट्ट्यावर ठेवायचो. सप्टेंबरात तो बाकाखाली, पार भिंतीपाशी कसा गेला?"

केतकीनं केसांतली पेन्सिल काढली. पुन्हा खोचली. नीट बसेना.

"टेस्टला उशीर होतोय तुला," ती म्हणाली. "आणि जानेवारीत माझ्या सिनेमाला परत झोप येते म्हणालास ना... तर उजवासुद्धा सापडणार नाही."