माडीवरचं जवसाचं तेल

दिघीची पहिली फेरीबोट आगरदांड्याला लागली आणि तिच्यातून उतरलेली बायजा रिक्षा करून थेट मुरुडला, जागृती ठाकूरच्या दारात आली. पायातल्या चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या. पाणीसुद्धा नको म्हणाली.

"ताई, माझ्या मृणालला सांजच्या आत नेतील. सासऱ्याला उशीनं मारलं म्हणतात. माझी पोर कोंबडी कापताना बघत न्हाय हो."

जागृतीनं बारा वर्षं विमा कंपनीत मेलेल्या माणसांचे दावे तपासण्यात घालवली होती. आता ती स्वतःच्या हिमतीवर चौकशीची कामं घ्यायची. जोडीला आतेभाऊ नामा. जेटीवर पंचवीस वर्षं तिकिटं फाडलेला, मनानं भला, डोक्यानं सावकाश. चहाला नाही म्हणणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

बायजानं सांगितलं ते असं. मृणालचे सासरे हरेश्वर म्हात्रे यांनी आगरदांड्याला खाडीवरचा एक जुना बंगला घेतला होता. पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. माडीवरची जमीन सगळी सागवानी फळ्यांची, ती घासून नवी करायचं चाललं होतं. मुलगा निकेत म्हणायचा, रासायनिक पॉलिश मारा, चकचकीत होईल. पण हरेश्वरना दमा. थिनरच्या वासानं मी मरेन, म्हणून त्यांनी हट्टानं जवसाचं तेल ठरवलं. विषारी वास नाही, फक्त वाळायला दोन दिवस लागतात.

त्यात ते पाय मोडून टोकाच्या खोलीत पडलेले. तिकडे जायला वाट एकच, जिन्यावरून येणाऱ्या लांब दालनातली. म्हणून असं ठरलं की सुनेनं जेवणपाणी घेऊन सासऱ्यापाशी राहायचं आणि जमीन वाळेपर्यंत दोघांनी दोन दिवस आतच काढायचे. काल सकाळी अकरापर्यंत दालनाला तेल लावून झालं. पाचला मृणालची किंकाळी ऐकू आली. म्हातारा मेलेला, ओठ आतून फाटलेला, तोंडात उशीचे धागे. दालनात मात्र एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

"मग दुसरं कोण असणार?" नामा बोलून गेला आणि बायजाकडे बघून ओशाळला.

आगरदांड्याच्या बंगल्यावर आलेले फौजदार जागृतीला ओळखत होते. काय विचारायचं ते दुपारपर्यंत विचारा, म्हणाले. त्यांच्या लेखी काम संपलेलंच होतं.

मृणाल खालच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिला पनवेलला नोकरी मिळत होती आणि सासरे सोडत नव्हते. त्यावरून आठवड्यापूर्वी मोठं भांडण झालं होतं. तिनं काहीच लपवलं नाही. आदल्या रात्री त्यांच्या दुखण्यापायी जागरण झालं, म्हणून काल एकच्या सुमाराला ती शेजारच्या छोट्या खोलीत आडवी झाली, ती पाचलाच उठली. सकाळचं काही वेगळं आठवतं का, असं जागृतीनं विचारलं.

"वास," ती म्हणाली. "सुई टोचायच्या आधी कापूस फिरवतात ना, तसला. बाबा खोकायला लागले. मी ओरडून विचारलं, तर जमिनीचं काम करणारे येसाजीकाका म्हणाले, फळ्या पुसतोय. तासाभरात वास गेला."

निकेत काल एक ते साडेचार दिघीला होता. बोटीवरच्या दोघांनी त्याला जाता-येता पाहिलं होतं. बायकोबद्दल विचारल्यावर त्यानं खाडीकडे तोंड फिरवलं. आपल्याला काही सांगता येत नाही, एवढंच म्हणाला. जागृतीला त्याची चीड आली आणि तिनं ती लपवली नाही.

स्वयंपाकाच्या सखुबाई दुपारी मागच्या पडवीत झोपल्या होत्या. तोंड उघडलं तशा त्या मालकाबद्दल बोलत सुटल्या. तीन वर्षांपूर्वी रेवसच्या घराला हरेश्वरनी ते रासायनिक पॉलिश करून घेतलं होतं. ओल्यावर धूळ बसते म्हणून खिडक्या बंद करायला लावल्या आणि स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसले. काम करणारा विशीतला पोरगा आत गुदमरून मेला.

"कोण होता तो?" जागृतीनं विचारलं.

"चौलकडचा कुठला तरी. नाव कुणी इचारलंच न्हाय."

येसाजी जिन्यापाशी बसला होता. साठीचा, काटक, नखांत पिवळट रंग मुरलेला. काम चाललंय असं कळल्यावर आपणच चौलहून विचारत आलो, म्हणाला. दोन हात तेलाचे दिलेत, उद्यापर्यंत जमिनीवर पाय नको. ओरडा ऐकल्यावर त्यानंच जिन्यापासून खोलीपर्यंत सुट्या फळ्या टाकल्या होत्या, आणि पोलीस-डॉक्टर सगळे त्यांच्यावरूनच गेले. रसायनाचं काम करतोस का, असं विचारल्यावर त्यानं मान हलवली. "त्ये पोरगा करायचा. न्हाय आता तो."

त्याच फळ्यांवरून दोघं वर गेले. जागृती खोलीत उशी बघत होती, नामा दारात चहाचा पेला घेऊन उभा. हात भाजायला लागला तसा त्यानं पेला खाली टेकवला, आणि चांगली दोन मिनिटं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो फळीवर नाही, नव्या जमिनीवर टेकवलाय. झटकन उचलला. पेल्याचं बूड स्वच्छ होतं, पण जमिनीवर पांढरं कडं उठलं होतं. रुमालानं घासलं तरी जाईना. नामानं घाबरून रुमाल खिशात कोंबला.

"दाखव तो रुमाल," जागृती म्हणाली. रुमाल कोरडा होता. तिनं नामाला चहा संपवायला सांगितलं आणि ती फौजदारांना शोधायला खाली गेली.

बारा वाजता सगळे ओसरीवर जमले.

"जवसाचं तेल दिवसभरात वाळत नाही," जागृतीनं सुरुवात केली. "जमीन ओली असती तर नामाच्या पेल्याला तेल लागलं असतं, रुमालाला लागलं असतं. आणि गरम, ओल्या भांड्यानं पांढरं कडं उठतं ते लाखेच्या पॉलिशवर. ती लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात. मृणालला तोच वास आला होता. लाखेचा हात अर्ध्या तासात वाळतो. काल एक वाजता त्या दालनातून कुणीही चालत जाऊ शकलं असतं."

"म्हणजे कुणीही असू शकतं," फौजदार म्हणाले.

"नाही. ओली आहे म्हटल्यावर कुणी हात लावून बघितलं नाही, तुम्हीसुद्धा नाही. पाऊल उमटेल या भीतीनं कुणी वर पाय ठेवला नसता, आणि आत आपल्याशिवाय कुणी नाही हे ठाऊक असताना मृणालनं तर आपल्याच गळ्यात फास अडकवून घेतला नसता. जमीन कोरडी आहे हे एकालाच ठाऊक होतं. आजसुद्धा तो तेलच लावलं म्हणून सांगतोय, आणि कोरड्या जमिनीवर त्यानं फळ्या टाकल्या." ती येसाजीकडे वळली. "रेवसला गेलेला मुलगा तुमचा होता ना, काका?"

येसाजीनं पळायचा प्रयत्न केला नाही. डोक्यावरची टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली.

"व्हय. ओंकार. या मानसानं माझ्या पोराला त्या वासात कोंडला, आन् सोताच्या छातीला मातुर वास नको, तेल हवं. मी वर गेलो, पोराचं नाव घेतलं. तर इचारतो, कोण ओंकार?" त्यानं मांडीवरची टोपी उलटी केली. "दम्यानं गेला म्हंतील, असं वाटलं व्हतं. तसं न्हाय म्हटलं, तरी ओल्या जमिनीवरनं मी गेलो असं कोन म्हनल. पोरीवर येईल, ह्ये ध्यानातच आलं न्हाय."

बायजा रडायला लागली. नामानं मान खाली घातली. त्याला कुणाची बाजू घ्यावी ते कळेना, आणि खरं सांगायचं तर तिथं कुणालाच कळत नव्हतं.

मृणाल उठून येसाजीसमोर आली.

"कालपासून तर ध्यानात आलं होतं ना, काका? आज मला नेलं असतं, तर तुम्ही बोलला असता?"

म्हाताऱ्यानं खरंच विचार केला.

"न्हाय," तो म्हणाला.

मृणालनं मान डोलावली. फौजदारांना लागेल तेव्हा जबाब द्यायला येईन, आईकडे दिघीला असेन, असं तिनं सांगितलं आणि बायजाचा हात धरून ती फाटकाकडे निघाली. निकेतनं मागून दोनदा हाक मारली. दोघी जेटीच्या रस्त्याला लागल्या.