कुठलीही धून

पावसानं बेसबॉलचा सामना थांबला होता. मैदानावर ताडपत्री अंथरलेली, आणि ऑर्गनच्या खोलीकडे जाणाऱ्या अरुंद जिन्यात हेडी नोवाकची वाट एका ओल्याचिंब खेळाडूनं अडवलेली. त्याच्या गळ्यात, हातात, काखेत मिळून चार ग्लोव्ह.

"दुकान टाकलंय का?"

"सेकंड बेसचा, थर्डचा, शॉर्टस्टॉपचा... आणि हा फर्स्टचा. ज्याला दुखापत होईल त्याच्या जागी मी. योएल बारिएंतोस."

"मग तुमची स्वतःची जागा कुठली?"

"कुठलीही चालेल," तो हसला.

हेडी मैदानावर ऑर्गन वाजवायची. खेळाडू बॅटिंगला आला की त्याच्या आवडीची धून. "तुमची कुठली वाजवू?" तिनं विचारलं.

"कुठलीही चालेल."

ओले केस कपाळावर आलेले, डोळे मिश्कील... हेडीचा पारा आणखीच चढला. कुठलीही काय? भाजी घ्यायला आलाय का हा!

दुसऱ्या दिवशी तो बॅटिंगला आला आणि तिनं मुद्दाम, नवरी चर्चमध्ये येताना वाजवतात ती धून वाजवली. प्रेक्षक खो खो हसले. योएलनं वर तिच्या खिडकीकडे पाहिलं, हेल्मेट उचलून सलाम केला आणि पहिलाच चेंडू थेट सीमेवरच्या भिंतीवर मारला.

झालं! संघाचा मॅनेजर धापा टाकत जिना चढून आला. "पोरी, आता हीच धून. तो मारतोय तोवर बदलायची नाही, सांगून ठेवतो."

आणि मेला मारतच सुटला. उन्हाळाभर हेडी नवरीची धून वाजवत बसली. पॉपकॉर्नवाली मार्लीस रोज विचारायची, "काय गं, तारीख ठरली का?"

तारीख कसली! त्या माणसाला जेवायला काय हवं हेसुद्धा ठरवता येत नव्हतं. पिझ्झा की मासे? काहीही. सिनेमा की तळं? कुठेही. तिच्या कॉफीत साखर मात्र तो न विचारता बरोबर घालायचा. तिच्या खुर्चीवर ऊन आलं की खाली सराव सोडून, वर येऊन पडदा ओढून जायचा. एवढं करायचं आणि तोंडानं एक शब्द नाही. हेडी त्याच्या प्रेमात पडली होती आणि वैतागून गेली होती.

ऑगस्ट सरता सरता त्याला मोठ्या संघातून बोलावणं आलं. तो पाठीवर बॅग टाकून ऑर्गनच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"टॅक्सी खाली थांबलीय. जाऊ?"

"मला काय विचारतोस?"

"म्हणजे... तू म्हणशील तसं."

"योएल, तुला स्वतःला कधी काही हवं असतं का रे?"

तो खाली बघत म्हणाला, "मला याच जागी खेळायचंय, असं म्हणणारे कितीतरी घरी गेले, हेडी. मी कुठेही चालेल म्हटलं, म्हणून टिकलो."

"मग टिक! उद्या बायकोसुद्धा कुठलीही चालेल म्हणशील!"

त्याचा चेहरा उतरला. खालून टॅक्सीचा भोंगा वाजला. तो जिना उतरून गेला, आणि हेडीनं ऑर्गनचं झाकण धाडकन आपटलं. गेला. खरंच गेला! आता तिला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचाही तिला राग आला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली... धावत येणारी.

"नाही चालणार," तो धापा टाकत म्हणाला. "कुठलीही नाही चालणार. मला तू हवीयस. तिकडच्या संघानं परत पाठवलं तरी, कुठे गेलो तरी, तूच. आणि मासे मला अजिबात आवडत नाहीत!"

"मग उन्हाळाभर खाल्लेस कशाला, गाढवा?"

"तुला आवडतात म्हणून."

भोंगा पुन्हा वाजला. योएलनं तिचा हात धरला. "हो म्हण ना... विमान चुकेल माझं."

हेडीनं दुसऱ्या हातानं डोळे पुसले. "चुकू दे. चार महिन्यांचा राग आहे, आधी तो संपू दे. संपला की म्हणते हो."