लाल पट्टीतली तीन मिनिटं

कॅप्टन सर्वेश पावसकरांचं पत्र युसुफ मुकादमांनी अकरा दिवस शर्टाच्या खिशात बाळगलं, आणि उत्तर काही धाडलं नाही. आळस म्हणावा तर हा माणूस आळशी नव्हता. छत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑफिसर म्हणून काढलेली, मिरकरवाड्यातल्या घरात पुस्तकांनी भरलेली दोन कपाटं. पण चार लोकांत बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची, आणि आपण लिहिलेलं एखादं वाक्य बरोबर असेलच याची खात्री त्यांना कधीच वाटली नव्हती. आता ते रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, विमान शिकवणाऱ्या एका खासगी संस्थेची रेडिओ खोली सांभाळत होते.

पत्र साधं होतं. पावसकर किनाऱ्याची पाहणी करणारं दोन इंजिनांचं विमान चालवायचे. बारा तारखेला सकाळी सव्वादहाच्या सुमारास मालगुंड गावाच्या वर त्यांच्या नाकासमोर एक शिकाऊ विमान आलं. ‘तुमच्या विमानाने आयत्या वेळी नाक खाली घातलं आणि मी वरून निघून गेलो. काचेच्या टपातून आतले दोघंही स्पष्ट दिसले. उजव्या सीटवरचे शिक्षक वयस्क होते. पांढरी दाढी, चष्मा, हेडफोनचा एक कप कानावर आणि दुसरा कानामागे सारलेला. त्यांचं नाव कळवा. आभार मानायचे आहेत.’

अडचण अशी की त्या दिवशी ते विमान घेऊन वेदिका ही शिकाऊ मुलगी एकटी उडाली होती. पावसकरांनी वर पाठवलेल्या अहवालातही ‘दोघं’ असाच शब्द पडला होता. एकट्याने उडायच्या फेरीत कोणाला शेजारी बसवणं म्हणजे पायलट व्हायचं कायमचं विसरणं. वेदिकाचं उड्डाण थांबवलं होतं, पंधरा दिवसांनी चौकशी समिती बसणार होती.

आणि दुसरी अडचण युसुफचाचा कोणाला सांगू शकत नव्हते. एक कान मोकळा ठेवायची सवय जहाजावरची. एका कानाने वायरलेस आणि दुसऱ्याने कॅप्टनची हाक. त्या सड्यावर तसा हेडफोन लावणारा माणूस एकच होता.

“चाचा, तुम्ही तरी गुरुप्रसाद सरांना सांगा,” वेदिका दारात उभी राहून म्हणाली. लांज्याकडच्या खेड्यातली पोर, तोंडाची फटकळ. पण त्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते. “पत्र तुम्हाला आलंय ना? मग लिहा की, ती एकटीच होती म्हणून.”

“बघतो.”

“तुमचं ‘बघतो’ म्हणजे आमच्या गावची एसटी. येते, पण माणूस चालत घरी पोचल्यावर.” ती हसली नाही. आवाज खाली आणून म्हणाली, “मी कोणाला बसवलं नव्हतं. पण कोणीतरी बोललं. ‘पोरी, नाक खाली.’ रेडिओवर नाही. बाजूने.”

“आवाज कसा होता?”

वेदिकाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं, आणि ती निघून गेली.

युसुफचाचांनी नोंदवही उघडली. बारा तारीख. दहा चौदाला वेदिकाचा शेवटचा निरोप. त्यानंतरची नोंद दहा अठराची. मधे कोरं.

कोरं असणं नेमाचंच होतं. जहाजावरच्या वायरलेस खोलीत घड्याळाच्या तबकडीवर दर अर्ध्या तासाला तीन मिनिटांची लाल पट्टी रंगवलेली असायची. काटा तिथे शिरला की समुद्रावरच्या सगळ्या जहाजांनी आपापलं बोलणं बंद करायचं आणि ऐकायचं, कोणी बुडतंय का. युसुफचाचांनी तसलंच घड्याळ इथे स्वतः रंगवून टांगलं होतं. सव्वाला आणि पाऊणला चाचा बोलत नाहीत, हे शिकाऊ पोरांनाही पाठ झालं होतं. हेडफोनमधली साधी खरखरसुद्धा त्यांच्या ध्यानात राहायची.

पण बारा तारखेच्या त्या तीन मिनिटांतलं काहीच आठवेना. खरखरही नाही.

गुरुवारी संदेश नावाचा दुसरा शिकाऊ मुलगा एकटा उडणार होता. युसुफचाचांनी मुख्य शिक्षक गुरुप्रसाद यांना खोलीत बोलावलं. “सव्वादहा ते दहा अठरा. माझ्यासमोर बसा आणि माझ्याकडे बघत राहा.”

“काय ओ चाचा, मला काय मुलगी बघायला बोलावलंत? मग पोहे तरी पाहिजेत.”

“बसा हो.”

बाहेर कातळ तापला होता. त्याचा कोरडा, भाजका वास खिडकीतून आत येत होता. वाळलेल्या गवतावर वारा सरसरत होता. युसुफचाचांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

काटा लाल पट्टीला टेकला.

खरखर सुरू झाली. मग ती खोलीतली राहिली नाही.

गुरुप्रसादांचा चेहरा एकदम जवळ आला. घड्याळात दहा अठरा झाले होते.

“चाचा! चाचा, ऐकताय?” ते खांदा धरून हलवत होते. “श्वास चालू नव्हता तुमचा. हात बर्फ झालाय.”

रेडिओवर संदेशचा कापरा आवाज आला. डाव्या अंगाने एक जेट गेलं होतं, हाताच्या अंतरावरून.

लगेच दुसरा आवाज आला, त्या जेटच्या पायलटचा, अनोळखी आणि शांत. “शिकाऊ विमानातल्या म्हाताऱ्या शिक्षकांना माझे धन्यवाद सांगा.”

गुरुप्रसाद खुर्चीत बसले.

“संदेशला मीच चढवलं विमानात,” ते म्हणाले. “शेजारची सीट मीच पट्ट्याने बांधली. रिकामी.”

“समितीला काय लागेल?”

“कोण होतं ते, लेखी. पण चाचा, असलं काही लिहिलंत तर तुम्हाला खुळ्यात काढतील. ही खोलीही जाईल.”

“आणि नाही लिहिलं तर ती पोर जाईल.”

युसुफचाचांनी कागद ओढला. अकरा दिवसांत नऊ मसुदे फाडलेला माणूस एका दमात लिहून मोकळा झाला. ‘उजव्या सीटवर मी होतो. वेदिकाने मला बसवलं नव्हतं आणि तिला मी दिसलो नाही. समितीपुढे हेच सांगेन.’ खाली सही केली. एकही शब्द खोडावासा वाटला नाही.

शनिवारी त्यांनी सकाळची सुट्टी घेतली. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते पोस्टावर आले. पत्र पेटीत टाकलं. तळाशी पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकला.

“चाचा, बरं वाटत नाही काय?” रिक्षावाला मुझम्मिल त्यांचा दंड धरून उभा होता. “हाक मारून घसा बसला. असे भर उन्हात केव्हाचे उभे आहात!”

“किती वाजले?”

“दहा अठरा.”

मासळीबाजाराच्या अंगाला, बऱ्याच उंचीवर, एक शिकाऊ विमान सरळ चाललं होतं.

मुझम्मिल त्यांच्या छातीकडे बघत होता. खांद्यापासून कमरेपर्यंत, पांढऱ्या सदऱ्यावर, सीटच्या दोन बोटं रुंद पट्ट्याची तिरकी घडी पडली होती.