घरापर्यंत सोबत

जरा हळू बोलते हं, इथल्या घरांच्या भिंती पातळ असतात.

गेल्याच महिन्यातली गोष्ट, २०१९चा जानेवारी. सासूसासरे तीन महिन्यांसाठी जर्मनीत रेगेन्सबर्गला आमच्याकडे आले होते. घरात बसून बसून आईंना, म्हणजे सासूबाईंना, कंटाळा आला आणि त्यांना पायाने चालवायचं जुनं शिलाई मशीन हवंसं झालं. जाहिरात सापडली ती थेट आल्प्समधल्या एका घाटापलीकडची. निहारला, माझ्या नवऱ्याला, ऑफिस होतं. मग मीच सासऱ्यांना घेऊन निघाले.

मी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. गाडीच्या चारही चाकांना ताकद कशी पोचवायची, हेच माझं काम. त्यामुळे बर्फाची भीती नव्हती, खरं सांगायचं तर थोडा माजच होता. फोर-व्हील ड्राइव्ह, हिवाळी टायर, डिकीत फावडं. जाताना काहीच झालं नाही. मशीन डिकीत टाकून दुपारी परत फिरलो, तेव्हा बर्फ पडायला लागला होता.

सासरे, पद्माकर बाबा, भूगोलाचे मास्तर होते. तोंडाची टकळी बंद म्हणून नाही. प्रत्येक वळणाला कौतुक. सीटबेल्ट लावायचा मात्र कायम विसरायचे, दर वेळी मीच वाकून लावून द्यायची.

घाटमाथ्यावर रस्त्याकडेला एक लाकडी खांब होता. वर छोटंसं छप्पर, खाली रंगवलेली पाटी, काचेआड एक मिणमिणता दिवा.

"थांब, थांब! घाटातला देव आहे. नमस्कार केल्याशिवाय उतरायचं नाही."

"अहो बाबा, तो देव नाही..."

पण ते उतरलेसुद्धा. आईंनी वाटेत खायला दिलेली नारळाची वडी त्यांनी खांबापाशी ठेवली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा रे, घरापर्यंत सोबत कर." कसाऱ्याच्या घाटात म्हणावं तसंच, अगदी मनापासून.

ते परत येऊन बसल्यावर मी बेल्ट लावत सांगितलं, "हे बघा बाबा, याला मार्टर्ल म्हणतात. अपघातात कुणी गेलं की त्या जागी असा खांब उभारतात इथे."

"म्हणजे मी..."

"मेलेल्या माणसाला घरी बोलावलंत," मी हसत म्हणाले.

बाबा हसले नाहीत. त्यांची टकळी तिथेच थांबली.

उतार सुरू झाला. बर्फ इतका दाट पडू लागला की बॉनेटच्या पुढचं दिसेना. आभाळ, दरी, रस्ता, सगळं एकच पांढरं. वायपरची करकर तेवढी ऐकू येत होती. गाडीत एक वास भरू लागला, ओल्या लोकरीचा आणि नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीचा. मी हीटर वाढवला तसा तोही वाढला. वळणामागून वळणं घेत आम्ही खाली उतरत राहिलो, आणि एका वळणावर हेडलाइटच्या उजेडात खांब आला.

मला वाटलं दुसरा असेल. पण त्याच्या पायथ्याशी नारळाची वडी होती.

मी रस्ता चुकून पुन्हा वर आले असणार, असं मी स्वतःला समजावलं. पुन्हा उतरले, पुन्हा खांब. मग गाडी वळवून ज्या बाजूने घाट चढलो होतो तिकडे उतरायला लागले. पूर्ण वेळ ब्रेकवर पाय, कानांत दडे बसत होते, म्हणजे आम्ही उतरत होतो यात शंकाच नाही. तरीही समोर तोच खांब आणि तोच दिवा. फोनला रेंज नव्हती. तिथेच गाडी बर्फात रुतली. चारही चाकं जागच्या जागी फिरत होती. मी उतरून फावड्याने बर्फ उपसला, सायलेन्सर मोकळा केला आणि पुन्हा आत येऊन बसले, तोवर सगळं होतं तसं बुजलं होतं. आता मात्र मी घाबरले. बाबा सत्तरीला आलेले, आणि टाकीतलं डिझेल संपलं की हीटर बंद पडणार.

"तो सोडत नाहीये गं," बाबा हलकेच म्हणाले. "सोबत कर म्हटलं, आणि त्याला टाकून निघालो आपण."

"बाबा, असं काही नसतं."

"मग तू सांग काय आहे ते."

त्यांनी कानटोपी खाली ओढली. "मी जाऊन सांगतो त्याला. माझं चुकलं म्हणतो. तुला घरी पोचवायचंय मला."

"नका उतरू... बाबा, प्लीज..."

दार उघडलं, मिटलं. दोन पावलांत ते त्या पांढऱ्यात नाहीसे झाले. मी काच खाली केली. त्यांचा आवाज येत होता, मास्तरांचा, समजावणीचा. "चुकलं रे बाबा माझं... तू आपला इथेच..."

पुढे काही नाही. मी हाका मारल्या, हॉर्न वाजवला. गाडीच्या टपावर बर्फ पडल्याचाही आवाज येत नव्हता. मी उतरणार, तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि बाबा आत येऊन बसले. जीव भांड्यात पडला माझा. मला रडूच आलं. त्यांच्या खांद्यावरचा बर्फ वितळत नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. पण ते परत आले होते, मला तेवढंच पुरे होतं.

त्यांनी बेल्ट स्वतः लावला.

"चल," म्हणाले.

चाकांनी लगेच पकड घेतली. घाट सरळ उतरला. पायथ्याशी बर्फ काढणारी गाडी उभी होती आणि माणसं रस्त्यावर फाटक लावत होती. रेगेन्सबर्गपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. दमले असतील, म्हटलं.

दार आईंनी उघडलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाजूला झाल्या. बाबा जाऊन सोफ्यावर बसले. निहार मशीन आणायला खाली गेला. आईंनी माझं मनगट धरून मला स्वयंपाकघरात ओढलं.

"ऊर्जा, हे कुठायत?"

"अहो आई, बाहेर बसलेत ना..."

"बाहेर कोण बसलंय ते विचारत नाहीये मी." त्यांची बोटं बर्फासारखी गार झाली होती. "हे कुठायत?"

बाबांना डॉक्टरांकडे नेलं. प्रकृती उत्तम आहे म्हणाले, वयाच्या मानाने फारच उत्तम. निहार म्हणतो, आईच्या मनावर परिणाम झालाय. घाट त्या दिवसापासून बंद आहे. रस्ते विभागाला रोज फोन करते मी, रोज तेच उत्तर, एप्रिलपर्यंत नाही. बर्फात तिथे उभ्या असलेल्या माणसाला मी एप्रिलपर्यंत काय सांगू?

आई आता आमच्या खोलीत झोपतात. त्या दिवसापासून त्यांनी एकदाही त्याला 'अहो' म्हटलेलं नाही. तो मात्र वाट बघतो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आईंच्या तोंडाकडे बघत राहतो.

काल संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. तो मागे येऊन उभा राहिला आणि बाबांच्याच आवाजात, अगदी हळू, त्याने मला विचारलं,

"त्यांना ती काय म्हणून हाक मारायची?"