पात्यांवरचा थेंब

झर्रर्र... खट्!

पिटुकली नुकती कुठे झोपली होती. एवढ्याशा आवाजानं घरातली शांतता तडकली.

पिटुकली म्हणजे माझ्या मावसबहिणीची लेक; तिच्याच घरची ही गोष्ट. विश्वास ठेवा नाहीतर सोडा, पण ताई खोटं बोलणाऱ्यातली नाही. शनिवारची भर दुपार होती.

भाऊजी घरीच जुन्या कॅमेऱ्यांची शटर दुरुस्त करतात. त्या दिवशी टेबलावर होता तो कॅमेरा मात्र गिऱ्हाइकाचा नव्हता.

त्यांच्या पहिल्या बायकोचा होता.

ती वारली... कॅमेरा कपाटात राहिला.

"न्हाऊमाखू घालून झालं का सवतीला?" ताईनं विचारलं.

"अगं, यंत्र आहे ते."

"यंत्राला कुणी 'हळू गं' म्हणतं?"

भाऊजी ओशाळून हसले आणि शटरची पातळ पाती कापसानं टिपत राहिले. माझ्या कपाळावरून असा हात कधी फिरवलाय का यांनी? ताईच्या मनात आलं आणि तिचा नुसता जळफळाट झाला.

बघून बघून तिला एवढं ठाऊक होतं... तेल द्यायचं ते आतल्या दातेरी चाकांना, तेही सुईच्या टोकाएवढं. पात्यांना कधीच नाही. पाती तेलकट झाली की एकमेकांना चिकटतात. शटर मुकं होतं.

भाऊजी बाहेर गेले. पुढचं भिंग अजून बसवायचं होतं, पाती उघडीच होती. ताईनं दाराला कडी लावली, तेलात सुई बुडवली...

एक टपोरा थेंब. थेट पात्यांवर.

खटका दाबून पाहिला. आवाज नाही.

"बस आता गप्प!" ती पुटपुटली. जिवाला कसं गार वाटलं.

ती स्वयंपाकघरात वळली, तोच...

झर्रर्र... खट्!

"आलात एवढ्यात?"

कडी तशीच होती.

झर्रर्र... खट्!

ताई धावली. टेबलामागची भाऊजींची खुर्ची रिकामीच होती. पाती तेलात घट्ट मिटलेली.

कॅमेऱ्यासमोर पिटुकली उभी होती. हनुवटी वर, हात मांडीशी. केस छान विंचरलेले...

भांग मात्र ताई पाडते त्याच्या उलट्या बाजूला.

रिकाम्या खुर्चीकडे बघून पोर गोड हसली. मग आईकडे वळली.

"आई, ही काकू विचारतेय, तू कधी जाणार आमच्या घरातून? काय सांगू गं तिला?"