रुसलेला युफोनियम

“युफोनियम मला!”

एकता आणि संध्या एकदमच ओरडल्या. शहाद्याच्या नथमलशेठांच्या गोदामात, सरकीच्या पोत्यांना टेकवून तीन पितळी वाद्यं ठेवली होती. दिवाळीच्या सुटीत जालमसिंग मास्तर मुलांचा बँड बसवत होते. मास्तरांचं निम्मं आयुष्य लग्नांच्या वरातींत वाजवण्यात गेलेलं. ते म्हणाले होते, “उंच सूर वाजवायला सगळेच तयार. खालचे सूर कोण धरणार?”

ट्रॉम्बोन एकताच्या धाकट्या भावाने, रिषभने, आधीच पळवला होता. त्याची नळी पुढेमागे सरकवायला त्याला भारी मजा यायची. उरले दोन. युफोनियम मांडीवर मावणारा, तीन कळांचा, आवाज जाड पण मधाळ. आणि ट्यूबा? रांजणाएवढा! त्यातून निघायचं फक्त, “पों... पों...”

मास्तरांनी दोघींना एकेक लांब सूर धरायला लावला आणि डोळे मिटून ऐकलं.

“संध्या, तुझी बोटं चपळ. युफोनियम तुझा. एकता, तुझा दम मोठा. तू ट्यूबा घे.”

“पण मास्तर, मधली धून युफोनियमच वाजवणार ना? एकटाच?”

“हो.”

एकताचा चेहरा पडला. संध्या तिची शाळेतली जिवलग मैत्रीण. पण त्या दिवसापासून संध्याने धून वाजवली की एकता तोंड फिरवायची. सगळे “वा!” म्हणायचे. ट्यूबाला कोण वा म्हणणार?

“अगं, तुझं पोंपों जरा हळू कर ना! माझी धून ऐकूच येत नाही,” संध्या एकदा म्हणाली.

“तुझा तो बाजा बंदच पडायला हवा!” एकता फणकारली. सगळ्यांनी ऐकलं.

आणि दुसऱ्याच दिवशी तो बंद पडला!

संध्याने कळ दाबली. खर्र! कळ आत गेली ती वर येईचना. तिने जोरात फुंकलं, तर युफोनियममधून दमेकऱ्यासारखी घरघर निघाली. मास्तरांनी एक कळ खोलून बाहेर काढली. तिच्या अंगाला करडी भुकटी चिकटली होती.

“राख!” मास्तर म्हणाले. “उद्या वसुबारस. उद्याच चौकात कार्यक्रम. आणि कुणी हे केलं?”

सगळ्यांच्या माना एकताकडे वळल्या. संध्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “काल तूच म्हणालीस ना?”

“मी नाही केलं!”

तेवढ्यात एकताचे आजोबा, नथमलशेठ, धोतर सावरत आले. “माझी नात असली म्हणून काय झालं? चूक ती चूक! मास्तर, हिला बसवा घरी!”

“दादासा, तुम्ही तरी...” एकता पुढे आली. “हो, मला हेवा वाटतो. खूप वाटतो! पण मी त्याला हात लावला नाही.”

मास्तरांनी निःश्वास सोडला. “खरं काय ते कळेपर्यंत तू ट्यूबालाही हात लावू नकोस, पोरी. उद्या संध्याकाळपर्यंत कळलं नाही, तर तुझ्याशिवाय वाजवू.”

एकता गोदामाच्या पायरीवर जाऊन बसली. रिषभ मात्र युफोनियमभोवती मांजरासारखा फिरत होता.

“ताई, इकडे ये! संध्याताई, तू पण! हा काल एवढा चमकत होता?”

खरंच! काल त्यावर बोटांचे काळपट ठसे होते. आज त्यात तोंड दिसत होतं.

“एखाद्याला बाजा बिघडवायचाच असेल, तर तो आधी घासूनपुसून लख्ख कशाला करेल?” रिषभ म्हणाला.

संध्याने नाक जवळ नेलं. “आंबट वास येतोय.” मग तिने कळेच्या खाचेतून नखाने एक तंतू ओढून काढला. “चिंच शे ही! चिंच!” घाईत तिच्या तोंडून घरची अहिराणी निघाली. “माझ्या आईने काल समया घासल्या, त्यांना अस्साच वास येत होता!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिवाळीच्या आधी घरोघरी पितळ घासायला निघतं. नथमलशेठांच्या मागच्या ओसरीवर तर घागरी, परातींचा डोंगरच होता.

“म्हणजे कुणीतरी भांडं समजून घासला?” संध्या पुटपुटली. मग मान खाली घालून म्हणाली, “एकता, मी उगाच...”

“ते नंतर! आधी पकडायचं कसं? विचारलं तर कुणी कबूल होणार नाही.”

“ट्रॉम्बोन माझ्या उशाशी होता आणि ट्यूबा गोणपाटाच्या खोळीत, म्हणून ते वाचले,” रिषभ म्हणाला. “मग खोळ काढू या की!”

“मला हात लावायची बंदी आहे,” एकता म्हणाली. “तुम्ही दोघं उचला. मी पहारा देते.”

संध्या आणि रिषभने धापा टाकत ट्यूबा ओसरीवर नेला, परातींशेजारी ठेवला आणि त्यावर हातांचे तेलकट ठसे उमटवले. संध्या धावत जाऊन मास्तरांना घेऊन आली. चौघं ओसरीच्या कडेला रचलेल्या पोत्यांमागे दडले.

“काय करी ऱ्हायनात रे तुम्ही?” मास्तर कुजबुजले.

“शू!”

थोड्या वेळाने पावलं वाजली. नथमलशेठ आले, थबकले आणि कपाळावर हात मारला.

“अरे देवा! हा मोठा तर राहिलाच! पाहुण्यांसमोर असला कळकट बाजा?” त्यांनी कामवाल्या बाईला हाक मारली. “गुलाबबाई! चिंच आण, राख आण! काल त्या धाकट्याला घासलं ना, तसंच यालाही चमकव! आतूनसुद्धा!”

“दादासा!”

पोत्यांमागून चार डोकी वर आली. नथमलशेठ दचकून परातींवर आदळले. असा खणखणाट झाला की गल्लीतले कावळे उडाले!

“मी... मी तर चांगल्यासाठीच...” ते चाचरले. “बाजाला राख चालत नाही होय?”

“शेठजी, समईला कळा नसतात!” मास्तर म्हणाले.

नथमलशेठांचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. सगळ्यांदेखत ते नातीजवळ गेले. “बेटी, न विचारता तुझ्यावर आळ घेतला. चुकलं माझं.”

मग कोमट पाणी आलं, मऊ फडकी आली. मास्तरांनी तिन्ही कळा खोलल्या. एकता आणि संध्याने नळ्यांतली राख धुऊन काढली, तेल सोडलं. अंधार पडायच्या आत युफोनियम पुन्हा गाऊ लागला.

“एकता,” मास्तर म्हणाले, “चूक माझीही झाली. तुला युफोनियम हवा असेल तर आज माग. संध्या, तुझी हरकत?”

“नाही,” संध्या म्हणाली. पण तिची बोटं कळांवरून हलली नाहीत, आणि ओठ घट्ट मिटले होते.

एकताने तो चेहरा ओळखला. गेले कित्येक दिवस तिचा स्वतःचा चेहरा तसाच होता. हात पुढे करावा असं तिला फार फार वाटलं. तिने तो मागेच ठेवला.

“धून हिच्या बोटांत बसलीय. मी ट्यूबा वाजवते. पण सुटी संपेपर्यंत मला रोज थोडा वेळ युफोनियम शिकवायचा. कबूल?”

“कबूल!” संध्या जवळजवळ किंचाळलीच.

दुसऱ्या संध्याकाळी चौक भरून गेला. संध्याची धून सुरू झाली आणि तिच्याखाली एकताने पहिला सूर सोडला, जमिनीतून आल्यासारखा. समोरच्या म्हाताऱ्यांचे पाय धून ऐकत नव्हते, ट्यूबाच्या ठेक्यावर हलत होते! एकताने ते पाहिलं आणि गाल आणखी फुगवले.

टाळ्या थांबेनात. “चोर पकडला तिघांनी, आणि तो चोर मीच!” असं नथमलशेठ ज्याला त्याला अभिमानाने सांगत सुटले. मास्तरांनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

“डोकं चालवलंत आणि एकमेकांना सोडलं नाहीत. असा बँड मला वरातीतसुद्धा मिळाला नव्हता!” मग ते एकताकडे वाकले. “काय पोरी, अजून हेवा वाटतो का?”

एकताने संध्याकडे पाहिलं. लोक अजून तिच्याभोवती गर्दी करत होते.

“थोडासा,” ती म्हणाली.

“थोडासा ऱ्हाऊ दे,” मास्तर हसून अहिराणीत म्हणाले. “रियाजले काम येस!”